घोडीला पाचर

सतारीवर मींड घेतात तशी इलेक्ट्रिक गिटारची एक तार बोटाने ओढली, की तिचा स्वर चढतो. पण हलत्या ब्रिजच्या गिटारवर त्याच वेळी उरलेल्या पाच तारा किंचित उतरतात. एखादी तार तुटली, तर बाकीच्या सगळ्या एकदम चढतात.

याचं मूळ लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1954 मध्ये कॅलिफोर्नियात आणलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’च्या रचनेत आहे. तिचा ब्रिज, म्हणजे सतारीच्या भाषेत घोडी, पुढच्या बाजूच्या सहा स्क्रूंवर डोलतो. ब्रिजला जोडलेली दांडी दाबली की त्याची मागची कड उचलली जाते, तारा सैल होतात आणि स्वर खाली घसरतो. फेंडरने याला ट्रेमोलो म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराची थरथर; स्वर हलवणं म्हणजे व्हायब्रेटो. पण नाव रूढ झालं ते झालंच.

ब्रिजखाली धातूचा जड ठोकळा गिटारच्या पोटात उतरलेला असतो. मागचं झाकण काढलं की तो दिसतो, आणि त्याला पुढे खेचणाऱ्या स्प्रिंगाही. सहा तारांचा मिळून साधारण 45 किलोचा ताण एका पारड्यात, स्प्रिंगांचा दुसऱ्यात. एक तार ओढली तरी हा तराजू कलतो.

दांडी न वापरणारे वादक म्हणूनच ब्रिज जागीच रोखून ठेवतात. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची पद्धत प्रसिद्ध आहे: पाचही स्प्रिंगा लावायच्या आणि ठोकळ्याला लाकडाची पाचर मारायची.

हे काम घरीही जमतं. तारा सैल करून, स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे स्क्रू आवळायचे आणि ब्रिज लाकडावर सपाट टेकवायचा. मग ठोकळा आणि खाचेची मागची भिंत यांमधलं अंतर मोजून तेवढ्याच जाडीचा कठीण लाकडाचा तुकडा बसवायचा. मेपल उत्तम. बसताना तो घट्ट हवा, पण ठोकून घुसवावा लागला तर जाड आहे असं समजून थोडा घासायचा. सरस लावायचा नाही.

इथे एक चूक बरेचजण करतात. ब्रिज आता हलणारच नाही, तर स्प्रिंगा कशाला, म्हणून त्या काढून टाकतात. पण अर्थिंगची वायर पंजाला डाखलेली असते आणि तारांपर्यंतची वाट स्प्रिंगांतूनच जाते. ती तुटली की ॲम्प्लिफायरमधून गुणगुण सुरू होते. म्हणून स्प्रिंगा जागेवरच राहू द्यायच्या.

शेवटी तारा सुरात लावून बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या स्वराशी जुळतो का पाहायचं. ब्रिजची जागा बदललेली असल्याने सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे आधार, थोडे सरकवावे लागतात. पुढे दांडीची आठवण झालीच, तर तारा सैल करून पाचर काढायची आणि पंजाचे स्क्रू पुन्हा ढिले करायचे. गिटारच्या लाकडाला एकही नवं भोक पडलेलं नसतं.