गोळी लहान की मोठी?

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. ते केवढे असावे, हा वाद मात्र जगातल्या लष्करांत अजून मिटलेला नाही. ‘कॅलिबर’ म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. १९६२ साली नेफा-लडाखात आपल्या जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती, ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. पुढे आलेल्या एसएलआरचे माप ७.६२. फरक अक्षरशः केसाएवढा! मग १९९० नंतरच्या ‘इन्सास’साठी एकदम ५.५६ का पत्करले?

उत्तर जवानाच्या अंगावरच्या ओझ्यात आहे. एसएलआरचे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, इन्सासचे १२. तेवढ्याच वजनात दुप्पट काडतुसे! शिवाय खांद्याला धक्का कमी, म्हणून नेम लौकर सावरतो. ती चार ग्रॅमची चिमुकली गोळी सेकंदाला नऊशे मीटर धावते, आणि शक्ती वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तिला क्षुद्र समजण्यात अर्थ नाही. तरी मोठीपुढे तिची शक्ती निम्मीच भरते आणि दूरच्या डोंगरउतारावर वारा तिला सहज ढकलतो. जखमेचे म्हणाल, तर शरीरात शिरल्यावर गोळी आडवी होते की सरळ निघून जाते, यावरच पुष्कळ अवलंबून.

२०१९ साली सीमेवरच्या तुकड्यांसाठी आपण अमेरिकेकडून पुन्हा ७.६२ च्याच रायफली मागवल्या. खुद्द अमेरिकेने २०२२ साली ६.८ मिलिमीटरची निवड केली. तिथल्या शिपायाची नेहमीची २१० काडतुसे त्यामुळे १४० वर आली.