रविवार, सायकल आणि पाइंटभर चहा

लँकशायरमधल्या नेल्सन गावातून पेंडल टेकडीच्या दिशेनं सायकल काढली की रस्ता लवकरच चढाला लागतो. दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचून घातलेल्या गडग्यांची कुंपणं, पलीकडे मेंढ्या आणि मग रफली हे टीचभर गाव. १६१२ साली चेटकीण ठरवून फाशी दिलेली अ‍ॅलिस नटर इथली. आता तिचा पुतळा रस्त्याच्या कडेला उभा आहे. गाव मागे टाकून जिनी लेनला लागलं की एक बैठं घर दिसतं. रविवार असेल तर भिंतीला आणि कुंपणाला सायकली टेकवलेल्या असतात आणि आत लांबलचक टेबलांभोवती घामेजलेली मंडळी बसलेली असतात. भिंतींवर जुने फलक आणि समाजवादी पुढाऱ्यांच्या तसबिरी. चहा मिळतो तो पाइंटच्या मगमधून, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त. ‘कटिंग’वर वाढलेल्या माणसाला एवढा चहा संपवायचा म्हणजे कामच! खायला मात्र बरेच जण घरूनच डबा आणतात.

हे ‘क्लॅरियन हाउस’. १९१२ मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा नेल्सनच्या विणकर संघटनेनं त्यासाठी ३५० पौंडांचं कर्ज दिलं होतं. कामगारांनी रविवारी सायकलवरून किंवा पायी यावं, चहा प्यावा, गप्पा ठोकाव्यात, जमल्यास थोडं राजकारण करावं, एवढ्याचसाठी कामगार संघटनेनं पैसे घातले. इंग्लंडमध्ये अशी बरीच घरं होती. अजून चहा देत असलेलं हे बहुधा शेवटचंच.

नाव आलं एका साप्ताहिकावरून. रॉबर्ट ब्लॅचफर्ड या पत्रकारानं १८९१ मध्ये मँचेस्टरला ‘क्लॅरियन’ सुरू केलं. समाजवादासारखा विषय हा माणूस हसतखेळत, कामगाराच्या बोलीत मांडायचा. त्याच्या ‘मेरी इंग्लंड’ पुस्तकाची एक पेनीची आवृत्ती लाखांनी खपली. फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही तरुणांनी सायकल क्लब काढला. टॉम ग्रूम त्यांचा म्होरक्या. वाचकच ते, त्यामुळे आवडत्या साप्ताहिकाचं नाव क्लबला लावायला फार विचार करावा लागला नाही. त्याच वर्षीच्या ईस्टरला ठिकठिकाणचे क्लब डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबोर्नला जमले आणि वार्षिक मेळाव्याची प्रथा पडली. रस्त्यात समोरून क्लॅरियनवाला येताना दिसला की ‘बूट्स!’ म्हणून ओरडायचं, त्यानं ‘स्पर्स!’ म्हणून उत्तर द्यायचं. अनोळखी माणसाशी बोलायला इंग्रजाला एवढं निमित्त पुरलं.

क्लबचा मुहूर्तही अचूक होता. उंच चाकाची जुनी सायकल म्हणजे पैसेवाल्या धाडसी तरुणांचं खूळ. सायकली बनवणाऱ्या स्टार्लीनं १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला, आणि सायकल साध्या माणसाच्या बुडाला सोसवेल अशी झाली. किमती उतरू लागल्या, जुन्या सायकलींचा बाजार तयार झाला. कापडगिरण्यांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी देण्याचा कायदा १८५० पासूनच होता. धुरकट गावातून बाहेर पडायला सवड आणि साधन, दोन्ही आता एकत्र आली.

नेल्सनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिथल्या विणकामाचे दर कापडावर ठरत. माग बाई चालवते की पुरुष, हे पाहिलं जात नसे. मुंबईच्या गिरण्यांत साळखातं, म्हणजे विणकाम, पुरुषांचं राहिलं आणि बायका रिळिंग-वाइंडिंगला, त्यामुळे गिरणगावच्या वाचकाला यातला फरक लगेच कळेल. स्वतःच्या कमाईची बाई स्वतःची सायकलही घेऊ शकते.

सायकल क्लबच्या सहलीची शिस्त बाहेरून दिसते त्याहून कडक असते. पुढे कॅप्टन, रस्ता त्याला पाठ असला पाहिजे आणि वेगावर ताबा त्याचा. मागे सगळ्यांच्या शेवटी एक जाणता गडी, त्याच्या मागे कुणी उरायचं नाही. मधले दोघादोघांच्या जोड्यांनी, म्हणजे बोलता येतं. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून दाखवतो, तीच खूण एकेक करत मागे जाते. वळणावर पुढचे थांबतात, मागचे दिसल्याशिवाय हलत नाहीत. चेन पडली, पंक्चर झालं, तर सगळ्यांनी उतरायचं. वेग ठरतो सगळ्यात हळू चालवणाऱ्यावरून, आणि दमदार पायाच्या माणसाला हे पाळणं चढापेक्षा अवघड जातं.

ते साधलं नाही तर काय होतं, हे सिल्विया पँकहर्स्टनं लिहून ठेवलंय. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सिल्विया आणि क्रिस्टाबेल या बहिणी १८९० च्या दशकात, ऐन किशोरवयात मँचेस्टरच्या क्लॅरियन क्लबात होत्या. क्रिस्टाबेलकडे महागडी रज-व्हिटवर्थ, तर सिल्वियाची सायकल एका ओळखीच्या समाजवाद्यानं स्वतः जुळवलेली. थोरली चढावर दिसेनाशी व्हायची, धाकटी धापा टाकत मागे. पुढे चळवळीतही दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यात सायकलचा दोष किती, हा प्रश्न इतिहासकारांनी कधी मनावर घेतलेला नाही.

क्लॅरियनवाले नुसते हिंडत नसत. पिशवीत पत्रकं असायची, गावच्या चौकात सायकल टेकवून एखादा भाषण ठोकायचा. शेतकरी ऐकून घेत, कधी हाकलूनही देत. पण बहुतेकांना यायचं असे ते उन्हासाठी आणि सोबतीसाठी, आणि क्लब टिकला तो याच मंडळींवर, असं माझं मत. कारण राजकारणानं दगाच दिला. ब्लॅचफर्डनं आधी बोअर युद्धाची आणि पुढे पहिल्या महायुद्धाची तरफदारी केली, जुने वाचक तुटले, आणि दुसरं महायुद्ध यायच्या आत ‘क्लॅरियन’ बंद पडलं. क्लब मात्र वाढत गेला. १९३६ मध्ये ८,३०६ सभासद होते. १९३८ मध्ये जेफ जॅक्सन आणि टेड वॉर्ड या दोघा सभासदांनी स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी मदत गोळा करत ग्लासगो ते बार्सिलोना सायकल हाणली. ती मात्र रमतगमत केलेली सहल नव्हती.

अलीकडे क्लबच्या घटनेत समाजवादाचा उल्लेख ठेवायचा की काढायचा यावरून सभासदांत चांगलीच जुंपली. अनेकांना आता फक्त सायकल चालवायची असते. जुन्यांना वाटतं, मग क्लॅरियन कशाला, दुसरे क्लब काय कमी आहेत? दोन्ही बाजूंना आपापला मुद्दा आहे. जिनी लेनच्या घरात शिरताना मात्र असलं काही कुणी विचारत नाही. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दार उघडतं, चार वाजता बंद होतं, आणि चहाचे पैसे अजूनही बेताचेच पडतात.