टाक्यांचा फोटो कोण पाहणार?

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडताना आम्ही कार्डावर ‘सात दिवसांनी दाखवायला या’ असे लिहितो. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर या ओळीची रुग्णाला पडणारी किंमत मला ठाऊक आहे. एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, ओपीडीची रांग. म्हणून जखम बरी वाटली की माणूस येत नाही. येतो तेव्हा कधी कधी टाक्यांतून पू वाहत असतो.

शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत जखमेत जंतुसंसर्ग झाला तर तो त्या शस्त्रक्रियेशी संबंधित मानतात. कृत्रिम सांधा किंवा हर्नियाची जाळी बसवली असेल, तर खोलवरच्या संसर्गासाठी हा काळ 90 दिवसांचा धरतात. आता बरेच रुग्ण तीन-चार दिवसांत घरी जातात आणि संसर्ग बहुधा त्यानंतरच डोके वर काढतो. लक्ष ठेवायचे ते दिवस रुग्ण आमच्या नजरेआड असतो.

इथे मोबाइल कामाला येतो. यासाठीच्या अ‍ॅपमध्ये रुग्णाला ठरावीक दिवशी चार-पाच प्रश्न येतात. ताप आहे का, दुखणे शून्य ते दहामध्ये किती, जखमेतून काही येते का? सोबत जखमेचा फोटो पाठवायचा. काही अ‍ॅप रुग्ण रोज किती पावले चालतो तेही मोजतात. पावले वाढत जाणे हे सुधारणेचे लक्षण. वाढलेली पावले अचानक घटली, तर चौकशी करायला हवी.

एडिनबर्गमध्ये पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या 492 रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवरून माहिती पाठवणाऱ्या गटात पहिल्या सात दिवसांत संसर्गाचे निदान होण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती. मात्र पूर्ण 30 दिवसांचा विचार करता निदानाला लागलेल्या वेळेत ठळक फरक दिसला नाही. रवांडात सिझेरियन झालेल्या बायकांच्या घरी आरोग्यसेविका जाऊन जखमेचे फोटो काढतात, असे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे आशाताई आहेत, त्यामुळे ही वाट मला जास्त जवळची वाटते. ज्या घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो, तिथे अ‍ॅप कोण भरणार?

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वॉर्डासाठी एक फोन ठेवला आणि रुग्णांना त्यावर जखमेचे फोटो पाठवायला सांगितले. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या एका शेतमजुराच्या मुलाने शनिवारी संध्याकाळी फोटो पाठवला. निवासी डॉक्टरची ड्यूटी बदलली होती आणि फोन कपाटात होता. आम्ही तो फोटो सोमवारी पाहिला. टाक्यांभोवतीचा भाग सुजला होता, कडेला पू होता. रुग्णाला बोलावून जखम उघडून साफ केली, तो बरा झाला. पण त्याचे दोन दिवस तापात गेले. “साहेब, फोटो पाठवला म्हणजे तुम्ही पाहिलाच असणार, असं वाटलं,” मुलगा म्हणाला. फोटो मागवला नसता, तर कदाचित तो शनिवारीच बापाला घेऊन आला असता. त्यानंतर फोन कोणाकडे, सुट्टीच्या दिवशी कोण पाहणार, हे आम्ही भिंतीवर लिहून लावले.

म्हणून रुग्णालयाने असे अ‍ॅप दिले तर पहिला प्रश्न हा विचारा: फोटो कोण पाहणार आणि किती वेळात उत्तर येणार? उत्तर आले नाही, तर वाट पाहू नका. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, रोज सारख्याच अंतरावरून काढा. जखमेशेजारी, तिला न लावता, मोजपट्टी धरली तर आकार कळतो. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत नीट उठून दिसत नाही, म्हणून जखम गरम लागते का, दुखणे वाढते आहे का, हेही लिहा. तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका.

काही गोष्टींसाठी अ‍ॅप उघडूच नये. 100.4 अंशांवर ताप, दुर्गंधीयुक्त पू, टाके उसवणे, सतत उलट्या किंवा एका पोटरीला सूज आणि दुखणे असेल, तर थेट रुग्णालयात या. अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा जखमेतून रक्त थांबेना, तर 108 ला फोन करा.

आमच्या वॉर्डातला फोन अजून चालू आहे. त्याने कित्येकांचा एसटीचा हेलपाटा वाचवला आहे. पण रोज सकाळी राउंडच्या आधी मी आजही विचारतो, “फोन कोणाकडे आहे?”