या आठवड्याचं स्पेशल : तूरडाळ

रविवारची सकाळ. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत मोबाइलवर तीन ऍप्सचे मेसेज हजर. 'बाय वन गेट वन', 'सुपर संडे', 'फक्त आजच्या दिवस'. तुमच्याकडेही आले असतील. फरक एवढाच, की तुम्ही बटण दाबल्यावर तुमची तूरडाळ ज्या भागातून निघण्याची बरीच शक्यता आहे, तिथे मी राहते. भिवंडीत.

नाक मुरडलंत ना? सवय आहे मला. भिवंडी म्हटलं की लोकांना ट्रॅफिक जॅम, खड्डे आणि मागांचा खडखडाट एवढंच आठवतं. पण एकदा अंजूरफाट्यावरून माणकोलीकडे चक्कर मारा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे... नजर जाईल तिथे गोडाऊन. याला कारण झाली जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची. मग व्यापाऱ्यांनी शक्कल लढवली, माल वेशीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली. गोडाऊन मात्र गेली नाहीत, उलट वाढलीच. आज तुमचा शॅम्पू, तुमचे ओट्स आणि तुमच्या बाळाचे डायपर आमच्या शेजारी मुक्काम करून मग तुमच्याकडे येतात.

आणि आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी? त्या रोज संध्याकाळी खाली उतरून तेलाचं छोटं पाऊच आणतात. पाव किलो डाळ. पाच-दहा रुपयांची चहापत्ती. भाऊसाहेब माग चालवतात, मीटरवर मजुरी, पगार पंधरवड्याला. एकदा मी हिशेबाला बसले. पाऊच-पाऊच करून भाभी महिन्याला जेवढं तेल घेतात, तेवढंच तेल माझ्या ऑफिसमधली मैत्रीण पाच लिटरच्या कॅनने घेते. भाभींचं तेल महाग पडतं. चांगलंच महाग. ज्याचा खिसा लहान त्याला लिटरमागे जास्त पैसे, असला हा उलटा फंडा.

शेठची वही

मला हे कळायला मॅस कॉमची डिग्री लागली नाही. आमच्या घरातही वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. बाबा मागाच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे दुसऱ्यांच्या पगाराचा हिशेब तेच ठेवायचे. आमच्या किराण्याचा हिशेब मात्र कोपऱ्यावरचे शेठ ठेवायचे. एका महिन्यात साखर दोनदा लिहिलेली आईला दिसली. ती काही बोलली नाही. 'बोलायचं कसं गं, अजून मागचे द्यायचेत,' म्हणाली. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, वजन तपासता येत नाही, दुकान बदलता येत नाही. स्पेशल ऑफर तर सोडूनच द्या.

पण शेठना व्हिलन करून मोकळं होऊ नका हं. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला, माग थांबले. मजुरांच्या भिश्या बंद पडल्या. (बाहेरच्यांसाठी : भिवंडीत भिशी म्हणजे मजुरांची खानावळ. तुमची किटी पार्टीवाली भिशी वेगळी. ती पुढे येणार आहे.) मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली, त्याच्या आधीच कित्येक जण हायवेने चालत निघाले होते. जे राहिले त्यांना त्या दिवसांत कुठल्या ऍपने उधार दिलं नाही. दिलं ते शेठने. भाभींच्या घरी आजही शेठबद्दल वाकडा शब्द निघत नाही, तो यामुळेच.

मावशीच्या हॉलमधली पोती

आता डोंबिवली. मे महिन्याच्या सुट्टीत मी मावशीकडे जायची. महिन्यातून एक दिवस तिच्या हॉलमधला सोफा भिंतीला लागायचा, टीपॉय गॅलरीत जायचा आणि टेम्पो यायचा. मावशी मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. आजूबाजूची चौदा घरं. प्रत्येकाने आधीच यादी भरून पैसे दिलेले. सामान एकाच घरी उतरायचं आणि मग सगळ्या जणी मिळून वाटप. पगार कुणालाच नाही. जोशी काकू यादी वाचायच्या, मावशी वजन बघायची आणि आम्हा पोरांचं काम म्हणजे पिशव्यांवर फ्लॅट नंबर लिहिणं. गूळ फोडताना तुकडे उडायचे, ते आमचे.

ग्राहक पंचायतीची ही पद्धत १९७५च्या गुढीपाडव्यापासूनची आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक चळवळ उभी केली आणि मुंबईत सुरुवातीपासून त्यांच्यासोबत चक्क सुधीर फडके होते. हो, तेच, गीतरामायणवाले बाबूजी! एवढा मोठा संगीतकार लोकांना डाळ-तांदूळ नीट मिळावेत म्हणून धडपडत होता, हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, 'त्यात काय? आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.'

पंचायतीचं 'ग्राहक तितुका मेळवावा' हे मासिकही तिच्याकडे यायचं. भेसळ कशी ओळखायची, दुकानदाराने एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर काय करायचं, असलं सगळं वाचून मावशी रिक्षावाल्यापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांशी पद्धतशीर भांडायची. वाटपाच्या दिवशी हॉलमध्ये जेवढ्या बातम्या फिरायच्या तेवढ्या पेपरात नसतील. कुणाच्या मुलाला ऍडमिशन मिळाली, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कोणती शिकवणी चांगली. संक्रांतीच्या महिन्यात वाटप आणि हळदीकुंकू एकाच दिवशी. तीळही त्याच पोत्यातले.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. त्या चौदा घरांत मोलकरणीचं घर नव्हतं. मनाई कुणीच केली नव्हती. महिन्याचे पैसे आधी भरायचे, एवढी एकच अट, आणि तेवढी पुरेशी होती.

दुकान विणकरांनी काढलं होतं

सहकारी किराणा दुकान ही भानगड मुळात कुणी सुरू केली माहितेय? विणकरांनी. मँचेस्टरजवळचं रॉचडेल, साल १८४४. गिरण्यांतली मजुरी पुरत नव्हती, दुकानात पिठात भेसळ, वजनात मारामारी आणि वर उधारीचा फास. २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, दर आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबरला टोड लेनवर दुकान उघडलं. माल काय होता? लोणी, साखर, पीठ, ओटमील आणि मेणबत्त्या. बस्स. नियम मात्र झक्कास होते : माल शुद्ध, वजन पूर्ण, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आणि उधारी बंद.

आपल्याकडे १९४८मध्ये नायगावच्या कामगारांनी असंच दुकान काढलं. रेशनिंगचा, काळ्या बाजाराचा काळ होता. हीच संस्था पुढे 'अपना बाजार' म्हणून मुंबईभर गाजली. मॉल आणि सुपरमार्केट आल्यावर तिच्या शाखा घटल्या ती गोष्ट वेगळी, पण गिरणगावातल्या कित्येक घरांची दिवाळीची खरेदी तिथलीच. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि कापड भिवंडीच्या मागांवर जास्त जास्त विणलं जाऊ लागलं. काम आमच्याकडे आलं. कामगाराने स्वतःचं दुकान काढायचं, ही गिरणगावातली सवय मात्र त्याच्याबरोबर आलेली मला तरी दिसली नाही. नायगावहून भिवंडी फार लांब नाही हो.

आमचा घोळ

यंदा ठरवलं, आपण करून बघू. बिल्डिंगच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर मेसेज टाकला : तेल, तांदूळ, तूरडाळ, साखर एकत्र आणूया. सत्तावीस अंगठे आले. मीटिंगला प्रत्यक्ष सहा जणी आणि एक रिटायर्ड काका. काकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, 'हिशेब कोण ठेवणार?' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मेहताची मुलगी ना!

होलसेलवाल्याकडे पन्नास किलोचा कट्टा आणि पंधरा किलोचा डबा घेतला तर भाव किती उतरतो ते काढलं. घरटी महिन्याला दीड-दोनशे रुपये वाचत होते. तुम्ही म्हणाल, एवढेच? एका पिझ्झाचेही नाहीत. बरोबर. पण भाभींनी आकडा ऐकला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, 'बढ़िया है। लेकिन मेरे से नहीं होगा।' एकदम अख्ख्या महिन्याचे पैसे त्यांच्याकडे कधीच नसतात. शिवाय शेठची जुनी बाकी. शेठकडून माल घेणं थांबवलं तर तो बाकी मागणार, ती देऊन टाकली तर आमच्यासाठी पैसे नाहीत.

मावशीचा हॉल आठवला. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, नेमके तेच बाहेर. पहिल्या महिन्यात आम्ही पाच घरांनी सामान आणलं, सगळी पगारवाली. काकांना वजनकाटा हाताळायची भारी हौस. शेवटच्या घराच्या वाट्याला तांदूळ सातशे ग्रॅम कमी भरला. चोरी नाही, प्रत्येक पिशवीत काकांनी 'थोडा वर' टाकला होता. तो तोटा सगळ्यांनी वाटून घेतला, पण दोन दिवस जिन्यात कुणी कुणाशी नीट बोलेना.

वाट काढली ती भाभींनीच. त्यांच्या गल्लीत बायकांची भिशी चालते. ही तुमची वाली, पैशांची. दर आठवड्याला थोडे टाकायचे. त्या म्हणाल्या, मी एकदम सगळे देणार नाही, आठवड्याला पन्नास-शंभर टाकत जाईन, पगाराच्या आठवड्यात जास्त. सगळं सामान नको. एका वेळी एकच वस्तू. आधी डाळ, ती जमली की तेल. बाकीचं शेठकडे चालू, त्याची बाकीही हळूहळू फेडेन. मी त्यांना रॉचडेलची गोष्ट सांगितली, दर आठवड्याला काही पेन्स वगैरे. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. 'और कैसे करेगा आदमी?' म्हणाल्या.

मग नियम बदलला. महिन्याची यादी रद्द. आता दर आठवड्याला एक वस्तू, सगळ्यांनी मिळून. वाटप पगाराच्या दुसऱ्या दिवसाच्या आसपास येईल अशी कॅलेंडरवर खूण केली. वाटणीत काही उरलं किंवा कमी पडलं तर ते वहीत लिहायचं, आणि ही वही जिन्यातल्या खिळ्याला टांगलेली असणार, कुणीही उघडावी. काट्यावर काकाच, पण समोर एक साक्षीदार. कंटाळवाणं वाटतं? आहेच. या रविवारी मी उशिरापर्यंत झोपू शकले असते.

आता आम्ही नऊ घरं आहोत. चार घरं मागावरची. हे रजिस्टर झालेलं दुकान नाही, संस्था नाही; पुढे काय व्हायचं ते होईल. कामतघरची दोन माणसं परवा चौकशीला आली होती, त्यांना मी मावशीचा नंबर दिला. मावशी खूश. पहिला प्रश्न तिने काय विचारला असेल? 'काटा तपासून घेतलात का?' नव्हता घेतला. पुढच्या शनिवारी घेणार.

जिन्यात काकांनी नातवाचा जुना फळा लावलाय. त्यावर भाभींच्या मुलीने, पाचवीतल्या, खडूने लिहिलंय : 'या आठवड्याचं स्पेशल : तूरडाळ. पिशवी आपापली आणावी. बुधवारपर्यंत पैसे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना बरं नाही, त्यांची डाळ कोणीतरी वर पोचवा.' खाली तिने एक फूल काढलंय आणि 'तूरडाळ'च्या आधी एक 'ता' लिहून खोडलाय.