सावलीतली नोकरी

रविवारी संध्याकाळी परभणीहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सजवळ थोडा वेळ उभं राहिलं, तर एक दृश्य हमखास दिसतं. पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात गच्च भरलेली कापडी पिशवी घेतलेल्या विशी-पंचविशीतल्या मुली. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी. सोडायला आलेले वडील क्लीनरला तिसऱ्यांदा बजावत असतात, "लेकरू एकटंच आहे, वाकडला नीट उतरवा." लेकरू तोवर फोनवर कुठल्याशा बंद पडलेल्या सर्व्हरचं निस्तरत असतं. गाडी रात्रभर चालते, उजाडताना वाकड-हिंजवडीला उतरवते आणि साडेनऊला ही लेकरं कंपनीत हजर असतात.

कापूस, सोयाबीन, कृषी विद्यापीठ आणि रेल्वेचं जंक्शन ही परभणीची ओळख. सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्या या जिल्ह्यात नाहीत. तरीही सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेडच्या मुली प्रोग्रामर होतात, आणि त्यामागे बऱ्याच अंशी इथलं ऊन आहे.

परभणीचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो. ज्या घरातल्या बायकांनी जन्मभर कापूस वेचला, त्या घरात मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिली कसोटी सावलीची लागते. सिव्हिल म्हणजे साइटवर उन्हात उभं राहणं. मेकॅनिकल म्हणजे वर्कशॉप आणि ग्रीसचे हात. कॉम्प्युटर म्हणजे खुर्ची, पंखा आणि नशिबात असेल तर एसी. "पोरीसाठी बरंय ते," असं म्हणून फॉर्मवर सही होते. भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींचा अभ्यास करणाऱ्या रोली वर्मा यांनाही हेच आढळलं होतं: हे क्षेत्र मुलींना साजेसं, सुरक्षित आणि मानाचं आहे, असं त्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना वाटतं. अमेरिकेतला प्रवास नेमका उलटा झाला. तिथे १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिॲक या अवाढव्य यंत्राच्या पहिल्या प्रोग्रामर सहा तरुणी होत्या. १९८०च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदव्यांमध्ये मुलींचा वाटा ३७ टक्क्यांवर गेला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत घसरून १८च्या आसपास आला. घरोघरी आलेला कॉम्प्युटर तिथे मुलांचं खेळणं म्हणून विकला गेला, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. आपल्याकडे घरात कॉम्प्युटर नव्हताच. मुलगा काय आणि मुलगी काय, दोघांनीही त्याला पहिल्यांदा हात लावला तो बहुधा क्लासमध्येच. गरिबीचा असा फायदा विरळाच.

सावली सोपी वाटते, पण तिच्यातही आधी कुणालातरी भांडून शिरावं लागलं. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी फलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. शेवटी टीप होती, की महिलांनी अर्ज करू नयेत. त्यांनी रागाच्या भरात एक पोस्टकार्ड लिहिलं आणि ते थेट जे. आर. डी. टाटांना पाठवलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, मुलाखत पुण्यात झाली आणि टेल्कोला पहिली महिला अभियंता मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती झाल्या. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती त्यांनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर, ही गोष्ट आता शाळेतली मुलंही सांगतात. कमी सांगितली जाते ती पुढची. सुरुवातीच्या काळात त्या त्याच कंपनीत कारकून होत्या, स्वयंपाकीण होत्या आणि प्रोग्रामरही होत्या. नंतर मात्र नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत राहायचं ठरलं. कोण राहिलं, हे सांगायला नको.

त्याच १९७४ साली मद्रासहून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता कोलम, म्हणजे तमिळ दारापुढची ठिपक्यांची रांगोळी. तिघा लेखकांपैकी दोघी बायका: राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन. दारात रोज काढली जाणारी ही रांगोळी संगणकाला समजेल अशा नियमांत कशी मांडता येते, हे त्यांनी दाखवलं. हे परभणीच्या कुठल्याही आजीला दोन मिनिटांत पटेल. सात ठिपक्यांची ओळ घाला. खालच्या ओळीत एक ठिपका कमी. पुन्हा एक कमी. एकच ठिपका उरला की थांबा. एवढ्या चार सूचना म्हणजे प्रोग्राम, आणि 'एक उरेपर्यंत तेच करत राहा' यालाच प्रोग्रामर लूप म्हणतात. तिसऱ्या ओळीत एक ठिपका चुकला, तर ते तिथे कळत नाही. शेवटी रेषा जोडताना सगळी रांगोळी वाकडी होते आणि मग चूक शोधत उलटं मागे जावं लागतं. प्रोग्रामरचा अर्धा दिवस याच उलट्या प्रवासात जातो.

परभणीच्या मुलीचा या जगातला रस्ता मात्र रांगोळीइतका देखणा नसतो. अनेकींची सुरुवात एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या कोर्सने झाली. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने हा कोर्स तालुक्या-तालुक्यात नेला आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर दुकानांच्या वरच्या मजल्यांवर क्लास उघडले. त्यात प्रोग्रामिंग फारसं नव्हतं, पण माउसची भीती मोडली. खरी परीक्षा पदवीच्या पहिल्या वर्षी. मराठी माध्यमातून आलेली मुलगी सी भाषेतला पहिला प्रोग्राम टाइप करते, पडद्यावर इंग्रजीत चूक उमटते, आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय एवढं साधं म्हणणं कळायला अर्धा तास जातो. तेवढ्यात लाइट जाते. २०२१पासून पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकता येते खरी. नोकरीची मुलाखत मात्र इंग्रजीतच होते.

अभियांत्रिकी प्रवेशात राज्यात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५पासून सरकार पूर्ण भरतं. नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंघजी कॉलेज १९८१पासून हाकेच्या अंतरावर आहे. पण घरच्यांना सगळ्यात जास्त धीर दिला तो पुण्याच्या कर्वेनगरने. महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, विधवा मुलींसाठी झोपडी उभारली होती. तिथेच १९९१ साली त्यांच्या संस्थेने कमिन्सच्या साहाय्याने मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. फक्त मुलींचं कॉलेज आणि आवारात वसतिगृह, एवढं ऐकल्यावर पुढचे प्रश्न बरेच कमी होतात.

उरतो तो रात्रीचा प्रश्न. अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ म्हणजे हिंजवडीची रात्र. २००७ आणि २००९ साली पुण्यात कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवर असलेल्या या क्षेत्रातल्या दोन तरुणींचे खून झाले, आणि त्या बातम्यांनी मराठवाड्यातल्या किती मुलींचे पुण्याचे बेत मोडले, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी महिलेची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या गोष्टी मालकावर बांधल्या. त्याच वर्षी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कागद चांगले आहेत. तरी आजही "कॅबमध्ये बसले" हा निरोप आल्याशिवाय गंगाखेडच्या घरातला दिवा मालवत नाही.

आकडे पाहिले तर चित्र वाईट दिसत नाही. भारतीय आयटी उद्योगात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बायका आहेत. सहा लाखांच्या घरात माणसं असलेल्या टीसीएसमध्येही प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. गोम आहे ती वरच्या मजल्यावर. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिन्ही कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीत आजवर एकही बाई बसलेली नाही. खालून चढलेल्या एवढ्या जणी मध्येच कुठे उतरतात, याचं उत्तर कंपनीपेक्षा लग्नाच्या बायोडाटात लवकर सापडतं. मुलगी आयटीत असणं हा आज स्थळाचा गुण आहे. कारण पगार बरा, आणि नवरा बंगळूरला गेला तर हिला तिथेही नोकरी मिळते. गुण खरा. फक्त दर वेळी कंपनी बदलते ती हिची, आणि बढतीची रांगही हिलाच पुन्हा शेवटून धरावी लागते.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि ट्रॅव्हल्सचा प्रवास उलटा फिरला. पुण्यातल्या खोल्या सोडून मुली लॅपटॉपसह गावी परतल्या. गावात रेंज मिळायची ती उंचावर, त्यामुळे मीटिंग माळवदावर. एका कोपऱ्यात आईच्या कुरडया वाळत घातलेल्या, दुसऱ्या कोपऱ्यात छत्री बांधून सावली केलेली, आणि मध्ये सतरंजीवर बसून लेक अमेरिकेतल्या माणसाला इंग्रजीत काहीतरी समजावतेय. मुलगी नेमकं काय काम करते, हे अनेक आयांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

घरून प्रोग्रामिंग ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली अशीच कंपनी काढली होती. लेकरंबाळं सांभाळणाऱ्या बायका घरी बसून प्रोग्राम लिहायच्या. बाईच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तर येत नाही, हे लक्षात आल्यावर शर्ली 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. फोनवर मुलांचा गलका ऐकू जाऊ नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. माळवदावरच्या मुलीला म्यूटचं बटण होतं, एवढाच फरक.

मग ऑफिसं उघडली. २०२३ साली टीसीएसचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी कंपनीच्या वार्षिक अहवालात एक गोष्ट नोंदवली. एरवी नोकरी सोडण्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने किंवा मागे असतात, त्या वर्षी त्या पुढे होत्या. घरून काम बंद झालं, घरची घडी तोवर वेगळी बसली होती, हे त्याचं कारण असावं असा त्यांचा कयास होता. त्यांतल्या किती परभणीच्या होत्या, असं काही अहवालात नसतं. ज्या परत गेल्या, त्यांच्यासाठी रविवारची ट्रॅव्हल्स पुन्हा भरून धावू लागली. माळवदावरची छत्री उतरली आणि त्या कोपऱ्यातही आता कुरडया वाळतात.