काळ्या टी-शर्टवरचा चेहरा

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे पुण्याच्या पेठांतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचा हंगाम. मंडळ तेच, पण टी-शर्ट दरवर्षी नवा लागतो. संपादकांना या धंद्यावर लेख हवा होता. मी एका छपाईखान्यात आर्टिस्टच्या शेजारी जाऊन बसलो आणि धंदा बाजूलाच राहिला.

काम दिसायला किरकोळ. मंडळाच्या दिवंगत संस्थापकांचा फोटो, काळा टी-शर्ट, शाई एकच, पांढरी. एक रंग म्हणजे एक फिल्म, एक जाळीची फ्रेम, खर्च कमी. पण शाईला करडी छटा ठाऊक नसते. जाळीतून ती उतरते किंवा उतरत नाही. मग गालावरची सावली आणायची कुठून?

एक उपाय म्हणजे करडं सरसकट काढून टाकायचं. छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दाने 1960 साली हवानात टिपलेल्या चे गेव्हाराच्या फोटोचं आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने 1968 मध्ये तेच केलं. दुसरा उपाय हाफटोन: छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायची, बाकीचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. कोलकात्यात सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी यावर इतकं मूलभूत काम केलं की लंडनचं 'पेनरोज' हे छपाईविषयक वार्षिक त्यांचे लेख छापत असे. इतिहास एवढा पुरे.

आर्टिस्टने फोटो ग्रेस्केल केला आणि उलटवला. पांढऱ्या कापडावर काळी शाई म्हणजे सावली. काळ्या कापडावर पांढरी शाई म्हणजे उजेड. फिल्मवर जिथे काळं, तिथला जाळीवरचा इमल्शनचा थर प्रकाशाने कडक होत नाही, पाण्याने धुतला जातो आणि तिथूनच शाई उतरते. फोटो न उलटवता फिल्म काढली तर काळ्या मिश्या पांढऱ्या छापून येतील आणि कपाळ काळं पडेल.

"पडद्यावर भूत दिसतं सर," तो म्हणाला, "टी-शर्टवर आजोबा येतात."

आजोबांचे केस मात्र कापडात विरून जात होते. त्याने कानामागे, खांद्यावर उजेडाची बारीक कड ओढली. टोपी पूर्ण पांढरी ठेवली असती तर पुठ्ठ्याची वाटली असती, म्हणून घडीपुरती छटा राखली. माझ्या मते सगळी कला इथे आहे: शाई कुठे लावायची नाही हे ठरवण्यात. उरलेलं चित्र कापडच काढतं.

मग आकड्यांचा जाच. इंचाला 45 ओळी ठिपके, सेंटिमीटरला 77 धाग्यांची जाळी. म्हणजे ठिपक्यांच्या दर ओळीला चारच्या वर धागे येतात. त्याहून कमी असले तर ठिपका धरत नाही. ओळींचा कोन साडेबावीस अंश, नाहीतर धागे आणि ठिपके एकमेकांत अडकून चेहऱ्यावर लाटा उठतात. दोन-तीन टक्क्यांचे ठिपके छपाईत गळतात. मधले पसरतात, 50 टक्क्यांचा ठिपका कापडावर सहज 65-70चा होतो आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. म्हणून मधल्या छटा आधीच दाबून ठेवायच्या. पडद्यावर फोटो जरा आजारी दिसला की समजायचं, काम बरोबर चाललंय.

एवढं करूनही गिऱ्हाईक असतंच. फोटो येतो व्हॉट्सॲपवरून, तोही कुणीतरी भिंतीवरच्या फ्रेमचा काढलेला, काचेत ट्यूबलाइट चमकणारा. नमुना पाहून कार्यकर्ते म्हणतात, "दादा, पांढरं अजून उठू दे." पांढरं उठवायचं तर मध्ये वाळवून शाई ओढणाऱ्या स्क्विजीचा दुसरा हात मारावा लागतो. तो केसभर हलला की ठिपके जाड होतात आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या भरून जातात. शिवाय तीच फ्रेम लहान पोराच्या टी-शर्टला आणि ढोलवाल्या पैलवानाच्याही. ताणलेल्या छातीवर आजोबा रुंद होतात. त्यात आता डीटीएफ आलंय: फिल्मवर रंगीत छापा, प्रेसखाली चिकटवा. वीस नग हवे असतील तर ते परवडतं. मात्र फोटोभर सलग थर बसला की कापड तेवढ्या भागात श्वास घेत नाही, आणि मिरवणुकीत दिवसभर नाचणाऱ्याला हे लवकर कळतं. दोनशे नगांना अजून फ्रेमच सरस ठरते.

तुमच्या मंडळाला फोटो छापायचा असेल तर एवढं करा: मूळ फोटो स्कॅन करून ईमेलने पाठवा, चेहऱ्यावर एका बाजूने उजेड असलेला निवडा, आणि आर्टिस्टला दोन दिवस जास्त द्या.