इंजिनाची बॅटरी इंजिनासाठीच!

मासेमारीसाठी निघालेली नौका रात्री जाळे सोडून, इंजिन बंद करून समुद्रात थांबते. दिवे सुरू असतात, जीपीएस आणि फिश फाइंडर सुरू असतात, व्हीएचएफ रेडिओ सुरू असतो. कुणा खलाशाचा मोबाइलही चार्जिंगला लावलेला असतो. पहाटे तांडेल किल्ली फिरवतो आणि इंजिनाच्या धडधडीऐवजी नुसता ‘कट्‌ कट्‌’ आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते. रस्त्यावरच्या मोटारीला धक्का मारता येतो. समुद्रात ती सोय नाही. शिवाय रेडिओही त्याच बॅटरीवर असल्याने मदत मागण्याचा मार्गही त्याच क्षणी बंद होतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळदा दुसरी बॅटरी आणली जाते आणि ती पहिलीला समांतर, कायमची जोडून टाकली जाते. त्यामुळे वीज जास्त वेळ पुरते हे खरे. परंतु उतरताना दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतात. राखीव म्हणून काहीच उरत नाही. म्हणून बॅटऱ्या किती आहेत यापेक्षा त्या कशा जोडल्या आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नौकेवर विजेची कामे दोन प्रकारची असतात. इंजिनाचा सेल्फ काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर ओढतो. दिवे व उपकरणे मात्र थोडी थोडी वीज तासन्‌तास घेत राहतात. पहिल्या कामासाठीच्या बॅटरीत पातळ आणि अधिक संख्येच्या प्लेटा असतात. ती वारंवार पूर्ण उतरू दिली तर लवकर निकामी होते. दुसऱ्या कामासाठी जाड प्लेटांची, खोलवर उतरणे सोसणारी ‘डीप सायकल’ बॅटरी लागते. त्यामुळे इंजिनाचा एक आणि उपकरणांचा एक, असे दोन स्वतंत्र संच ठेवावेत.

उपकरणांचा संच केवढा असावा, हे साध्या हिशेबाने ठरवता येते. समजा, सर्व उपकरणे मिळून सरासरी ५ अँपिअर वीज घेतात आणि इंजिन १२ तास बंद राहते. म्हणजे ६० अँपिअर-तास वीज लागेल. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणून संच किमान १२० अँपिअर-तासांचा हवा. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब, तिच्यावर भार नसताना, सुमारे १२.७ व्होल्ट असतो. तो १२.२ वर आला की बॅटरी साधारण निम्मी उतरली, असे समजावे. एक साधा व्होल्टमीटर ही पूर्वसूचना देतो.

आता जोडणी. प्रत्येक संचाला स्वतःचा मुख्य स्विच द्यावा. तिसरा स्विच दोन्ही संच एकत्र जोडण्यासाठी असतो आणि तो एरवी बंदच राहतो. हा जोड-स्विच थेट बॅटऱ्यांच्या टोकांवर लावू नये. तो दोन्ही मुख्य स्विचांच्या पलीकडे, म्हणजे इंजिन व उपकरणांच्या बाजूस असावा. इंजिनाच्या बॅटरीतील एखादा सेल बिघडला, तर तिचा मुख्य स्विच बंद करून तिला पूर्णपणे बाजूला काढता येते आणि उपकरणांच्या संचावर इंजिन सुरू करता येते. बिघडलेली बॅटरी जोडलेलीच राहिली, तर ती चांगल्या बॅटरीलाही खाली ओढते.

चार्जिंगसाठी दोन संचांमध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले बसवतात. इंजिनाच्या बॅटरीचा दाब १३.३ व्होल्टच्या आसपास पोहोचला की तो दोन्ही संच जोडतो. इंजिन बंद होऊन दाब १२.८ च्या आसपास उतरला की ते वेगळे करतो. इंजिनाची बॅटरी आधी भरते आणि रात्री ती आपोआप सुरक्षित राहते. बिघडलेली बॅटरी बाजूला काढताना हा रिलेही त्याचा फ्यूज काढून बंद करावा. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी तोडू नयेत. अल्टरनेटरचे डायोड जळतात.

तळाशी साचणारे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विचवर अवलंबून ठेवू नये. तो स्वतंत्र फ्यूजमधून थेट उपकरणांच्या बॅटरीला जोडावा, म्हणजे सर्व स्विच बंद करून माणसे किनाऱ्यावर गेली तरी पंप काम करील. प्रत्येक बॅटरीच्या धन तारेवर, शक्य तितक्या जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. फ्यूज नसलेली तार घासून शॉर्ट झाली, तर ती काही क्षणांत लालबुंद होऊन आग लावू शकते. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या असाव्यात. खाऱ्या हवेत साधे तांबे लवकर काळे पडते. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बॅटरीची जागा हवेशीर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावी.

मोठ्या इंजिनांवर दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतात. त्यांपैकी एकीवरून १२ व्होल्टचा रेडिओ चालवण्याची चूक सर्रास होते. ती एकच बॅटरी उतरत राहते, दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आणि अखेर दोन्ही बाद होतात. त्यासाठी कन्व्हर्टर वापरावा. लिथियम बॅटरीही शिसे-आम्ल बॅटरीशी या साध्या रिलेने जोडू नये. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो.

पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हा हे काम जाणत्या वायरमनकडून करून घेता येते. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी एक परीक्षा मात्र जरूर घ्यावी. बंदरातच, इंजिन बंद ठेवून, रात्रभर सर्व दिवे व उपकरणे चालू ठेवावीत आणि पहाटे जोड-स्विचला हात न लावता किल्ली फिरवावी. इंजिन एका दमात सुरू झाले, तर जोडणी बरोबर आहे. नाही झाले, तर दोष धक्क्यावरच सापडला, हेही काही कमी नाही.